शाळेची कमिटी निवडा, पण दिवस बघून

हे पान उघडलंत म्हणजे करप्याच्या फवारणीबद्दल किंवा खताच्या गोळ्यांबद्दल काहीतरी वाचायला मिळेल, असं तुम्हाला वाटलं असणार. मी शेतीचा माणूस. कृषी पदविका घेऊन या खात्यात आलो आणि आजवर बांधाबांधावर फिरण्यातच नोकरी गेली. पण आज विषय वेगळा आहे, आणि तो मला सापडला तोही बांधावरच.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. जुलैचा दुसरा आठवडा, पाऊस चांगला लागलेला. गणेशपुरीपासून थोडं आत, एका पाड्यावर चारसूत्री लावणीचं प्रात्यक्षिक होतं. तुम्हाला ठाऊकच आहे, दोरी धरून १५ आणि २५ सेंटिमीटरचं अंतर राखायचं आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी खोचायची. खाचरात चौदा-पंधरा बायका वाकलेल्या, मी बांधावर छत्री सांभाळत बडबडतोय. तेवढ्यात शाळेतलं एक पोरगं प्लॅस्टिकच्या पिशवीत वही घेऊन धावत आलं. "गुरुजींनी सह्या मागितल्यात." बायकांनी चिखलाचे हात पदराला पुसले, कुणी सही केली, कुणी अंगठा दिला आणि पुन्हा कामाला लागल्या. मी सहज विचारलं, "कसली वही गं?" एक म्हणाली, "शाळेच्या मिटिंगची असंल." "मिटिंग कधी?" "झाली असंल ना."

ती मिटिंग म्हणजे पालकसभा होती. त्या सभेत पुढच्या दोन वर्षांसाठी शाळा व्यवस्थापन समितीची निवड झाली. निवडणूक झाली, निकाल लागला, आणि ज्यांनी मत द्यायचं त्या त्याच वेळी माझ्यासमोर भात लावत होत्या. त्यांपैकी एक कातकरी बाई तर सदस्य म्हणून निवडूनही आली होती. तिला ते कळलं सप्टेंबरात, तेही माझ्याकडून.

गुरुजी वाईट होते का? मुळीच नाही. मी भेटलो त्यांना. दोन शिक्षकी शाळा, त्यांतले एक मतदारयाद्यांच्या कामावर. वरून निरोप आला की समितीची यादी मंगळवारपर्यंत पाठवा. "साहेब, पावसात लोक येणार कुठून? यादी तर द्यायचीच होती," असं ते म्हणाले. मला त्यांचं पटलं आणि नाहीही पटलं. आमच्या खात्यातही शेतकरी मेळाव्याच्या हजेरीपटावर अशाच सह्या होतात, तेव्हा मी कुठल्या तोंडाने बोलणार! पण मेळाव्याची सही आणि ही सही यांत फरक आहे. मेळावा चुकला तर एक भाषण चुकतं. इथे चुकली ती दोन वर्षांची सत्ता.

"सत्ता" हा शब्द मी मुद्दाम वापरला. ही समिती म्हणजे पंधरा ऑगस्टला खुर्च्या मांडणारी मंडळी, असा आपला समज आहे. कायद्यात तसं नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या एकविसाव्या कलमात ही समिती आहे. शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणं, शाळेचा विकास आराखडा करून त्याची शिफारस करणं आणि शाळेला मिळालेल्या पैशाचा विनियोग नीट होतो का ते बघणं, ही तिची कामं. नुसती सल्ल्याची गोष्ट नाही ही. आपल्या राज्यात जून २०१० च्या शासन निर्णयाने तिची रचना ठरवून दिली. सदस्य १२ ते १६. त्यांतले पाऊणपट, म्हणजे बारात नऊ आणि सोळात बारा, हे शाळेत शिकणाऱ्या मुलांचे पालकच असले पाहिजेत. उरलेल्या पाव भागात ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी, शिक्षकांचा एक, आणि पालकांनी निवडलेला एखादा शिक्षणप्रेमी माणूस. एकूण सदस्यांत निम्म्या बायका. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. मुख्याध्यापक सचिव. अध्यक्ष मात्र पालकांमधलाच. दोन विद्यार्थीही बसतात, त्यांत एक तरी मुलगी, पण त्यांना मत नाही. बैठक दर महिन्याला आणि दोन वर्षांनी नवी समिती.

सरपंच मंडळी, तुम्ही हे जरा थांबून वाचा. जुन्या ग्रामशिक्षण समितीचे अध्यक्ष सरपंच असायचे, त्यामुळे आजही अनेक गावांत शाळेची कमिटी म्हणजे ग्रामपंचायतीचं शेपूट असं धरलं जातं. ते दिवस गेले. तुमचं मूल त्या शाळेत असेल आणि पालकांनी तुम्हाला निवडलं तर गोष्ट वेगळी. नाहीतर ग्रामपंचायतीची तिथे एक जागा आहे, बाराव्या हिश्श्याची. ती वापरा, पण पॅनल शाळेत नेऊ नका. अध्यक्षपदासाठी दोन गट पडून गुरुजींना सभा आवरती घ्यावी लागली, असंही मी पाहिलं आहे. ग्रामपंचायतीला हरलेला गट शाळेच्या कमिटीत वचपा काढतो आणि वर्ग चौथीतलं पोर खिडकीतून बघत बसतं.

आता थोडा जुना हिशेब काढतो, कारण शाळेवर अधिकार कुणाचा हा वाद आजचा नाही. इंग्रजांच्या काळात आपल्या पणजोबांच्या शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड बसायचा. त्यातला तिसरा हिस्सा शाळांसाठी आणि बाकीचा रस्ते वगैरेंसाठी. म्हणजे खेड्यातली शाळा सरकारने दान दिलेली नव्हती, तिचा पैसा कुळंब्याच्या खळ्यातून गेलेला होता. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन दिलं, त्यात हेच दुखणं मांडलं होतं. महसूल रयतेच्या घामातून येतो आणि रयतेच्या पोरांच्या शिक्षणावर मात्र खर्च होत नाही. बारा वर्षांपर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती. ती कायद्यात पुरी उतरायला पुढे सव्वाशे वर्षं लागली.

पैसा रयतेचा, पण शाळेचा कारभारी कोण? १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळा लोकल बोर्डांकडे आल्या आणि स्कूल बोर्डं झाली. १९४७ च्या कायद्याने जिल्हा स्कूल बोर्डं नव्याने बांधली. घरात कुणी जुने गुरुजी असतील तर त्यांच्या तोंडी अजून "बोर्डाची शाळा", "बोर्डाचा मास्तर" हे शब्द सापडतील. बोर्डाच्या सभासदाला जिल्ह्यात मोठा मान होता. शाळा कुठे काढायची, मास्तर कुठे पाठवायचा, हे त्याच्या हातात. पण पाड्यावरच्या आईबापाला त्या निवडणुकीत थेट मत नव्हतं. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या, जिल्ह्याची स्कूल बोर्डं गेली आणि त्यांची जागा जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीने घेतली. शहरांतली शिक्षण मंडळं मात्र बराच काळ टिकली. तिथल्या सभासदपदासाठी काय धावपळ चालायची ते भिवंडीकरांना सांगायला नको. राज्य शासनाने २०१३ मध्ये जुना कायदा रद्द केला आणि तीही संपली.

तेव्हा नीट बघा. लोकल फंड भरणाऱ्या पणजोबाला मत नव्हतं, बोर्डाच्या काळात आजोबाला नव्हतं, जिल्हा परिषद आल्यावर वडिलांना मिळालं तेही जिल्हा परिषदेच्या मेंबरापुरतं. आपल्याच गावच्या, आपल्याच पोराच्या शाळेचा कारभारी निवडायचं मत आलं ते आपल्या पिढीला. आणि ते आपण लावणीच्या चिखलात, ओल्या अंगठ्याने, काय लिहिलंय ते न वाचता दिलं.

बायकांच्या निम्म्या जागांचा विषय निघाला की पारावर कुणीतरी हसतंच. त्यांच्यासाठी साता समुद्रापलीकडची एक गोष्ट. इंग्लंडात १८७० मध्ये गावोगाव निवडून आलेली स्कूल बोर्डं सुरू झाली. त्या देशात बाईला पार्लमेंटचं मत मिळायला १९१८ उजाडलं, पण शाळेच्या बोर्डाला मात्र १८७० पासूनच बाई उभी राहू शकत होती आणि घरपट्टी भरणारी बाई मत देऊ शकत होती. लंडनच्या पहिल्याच बोर्डावर एलिझाबेथ गॅरेट ही डॉक्टर बाई आपल्या भागात सगळ्या पुरुषांच्या वर मतं घेऊन निवडून आली. पार्लमेंटला बाई नको म्हणणाऱ्यांनाही शाळेत बाईला काय कळतं, असं म्हणता आलं नाही. आपल्याकडे तर सकाळी डबा भरणारी, पोराला ताप आला की रात्र काढणारी आणि पोषण आहाराच्या खिचडीत डाळ किती होती हे पोराच्या तोंडून ऐकणारी आईच असते. तिचं नाव यादीत घालून अंगठा घ्यायचा आणि बैठकीला तिच्या नवऱ्याने यायचं, हा प्रकार मी तीन गावांत पाहिला. चौथ्या गावात विचारायचं सोडून दिलं.

तर मुद्द्यावर येतो. या निवडणुकीत कोण निवडून येणार हे मतांनी ठरत नाही. सभा कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कुठे बोलावली, यावर ते ठरतं.

आपल्या गणेशपुरी-वज्रेश्वरी भागाचं वर्ष डोळ्यांपुढे आणा. १५ जूनच्या सुमारास शाळा उघडते. पाठोपाठ पेरा आणि रोपं, मग जुलैभर लावणी, म्हणजे आपली आवणी. त्यात आषाढी आणि गुरुपौर्णिमा. नित्यानंद बाबांच्या समाधीला लोटणारी गर्दी तुम्हाला ठाऊक आहे. ज्यांचं हारफुलांचं, चहाचं, खोल्यांचं पोट या गावावर आहे ते त्या दिवसांत मान वर करत नाहीत. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी तर कुंडावर पाय ठेवायला जागा नसते, म्हणजे पालकांना सोयीचा म्हणून रविवार धरावा तर अर्धं गाव दुकानावर. ऑगस्टात बेणणी, मग गणपती. भात कापायला आलं की दसरा-दिवाळी. झोडणी उरकली की कातकरी आणि इतर आदिवासी कुटुंबं वीटभट्टीवर निघतात, ती पावसाच्या तोंडालाच परततात. जे भिवंडीच्या गोदामांत हमाली करतात किंवा यंत्रमागावर जातात त्यांना दिवसा सुट्टी नाही.

मग सभा घ्यायची कधी? माझं उत्तर शेतकऱ्याचं आहे. गणपती विसर्जनानंतर आणि कापणीच्या आधी दहा-पंधरा दिवस हाताला जरा उसंत असते. पितृपक्षात गावात लग्न नसतं, मुहूर्त नसतो, म्हणून माणसं घरी सापडतात. सभेला पितर आडवे येत नाहीत! वेळ संध्याकाळी सातची, दिवेलागणीनंतर. आणि जागा शाळेची असावी, पण पाडा लांब असेल तर एक सभा पाड्याच्या मारुतीपाशी. नोटीस शाळेच्या दाराला चिकटवून भागत नाही, पाड्यावर दवंडी द्यावी लागते. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी (२०२४ पासून त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण लोकांच्या तोंडी ते भाऊसाहेबच राहणार) ग्रामपंचायतीचा भोंगा आणि शिपाई तेवढ्यापुरता दिला तर मोठं काम होईल. समितीची मुदत जुलैत संपत असेल तर काय करायचं? मुदत संपायची वाट न बघता सभेची तारीख आधीच केंद्रप्रमुखांच्या कानावर घाला. ती माणसं ऐकतात, फक्त कुणी आधी बोलत नाही.

दुसरी गोष्ट, निवडायचं कुणाला. आपण बियाणं घेताना काय बघतो? आपल्या खाचराला, आपल्या मुदतीला बसतं का. वरकस जमिनीत गरवं भात कुणी लावत नाही. इथेही तसंच. ज्याचं मूल चौथीत आहे तो वर्षाने त्या शाळेचा पालकच राहत नाही. तेव्हा पहिली-दुसरीतल्या मुलांच्या आईबापांना पुढे करा, म्हणजे दोन वर्षं माणूस टिकेल. फार बोलणाऱ्यापेक्षा शाळेवरून रोज जाणारा बरा. आणि ज्याचं स्वतःचं मूल इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीतून जातं त्याला इथे पालक म्हणून जागाच नाही. तो कितीही मोठा असला तरी.

तिसरी गोष्ट, मत कसं द्यायचं. निवड पालकसभेतून व्हायची असते. बहुतेक ठिकाणी हात वर करायला सांगतात. त्यात एक अडचण आहे. सासरा पुढे बसला असताना सून त्याच्या माणसाविरुद्ध हात वर करील का? खोतीच्या काळापासून ज्यांच्याकडे मजुरीला जातो त्यांच्या समोर कातकरी हात वर करील का? एकमत होत असेल तर उत्तम. नसेल तर चिठ्ठी बरी. लिहिता येत नाही म्हणून अडून बसायचं कारण नाही. देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५१-५२ मध्ये, प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवली होती आणि पेटीवर त्याचं चिन्ह. मतदाराने कागद नुसता पेटीत टाकायचा. आपल्या माणसांना आकडा-अक्षर येत नाही म्हणून त्या वेळी कुणी मत नाकारलं नाही.

निवडून आल्यावर करायचं काय, हे विचारणारे पुष्कळ भेटतात. आराखडा, शिफारस, विनियोग हे शब्द ऐकले की माणूस दबतो. मी दोन साध्या गोष्टी सांगतो. एक तांदूळ. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी धरली आहे, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम तांदूळ. चाळीस मुलं जेवली तर चार किलो तांदूळ आणि आठशे ग्रॅम डाळ शिजली पाहिजे. ज्या बाईने लग्नाच्या पंगतीचा भात शिजवला आहे तिला पातेल्यात डोकावून हे कळतं, तिला वही लागत नाही. हजेरीपटावर चाळीस आणि पातेल्यात पंचवीसांचा भात असेल तर तिने विचारावं. गुरुजींवर संशय घ्या असं मी म्हणत नाही. धान्य कमी आलं असेल तर तेही समितीच्या ठरावाशिवाय वर जाऊन कोण सांगणार?

दोन, पैसा. समग्र शिक्षा अभियानाच्या चौकटीत शाळेला पटानुसार वार्षिक अनुदान धरलं आहे. तीस मुलांपर्यंत १० हजार, शंभरापर्यंत २५ हजार, अडीचशेपर्यंत ५० हजार. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर. रक्कम डोळे दिपवणारी नाही, पण कौलं, नळ आणि मुलींच्या संडासाचं दार यांत बसते. पैसे कधी आले, किती आले, कशावर गेले, हे दर बैठकीत वाचून दाखवायला सांगा. विकास आराखडा म्हणजे तरी काय? पुढच्या तीन वर्षांत शाळेला काय लागेल त्याची मोजून केलेली यादी. आपण खरिपाआधी बी किती, खत किती, मजूर किती याचा हिशेब करतोच की.

या दोन्हींपेक्षा मोठं काम आपल्या भागात आहे, ते भट्टीचं. कातकरी ही केंद्र सरकारच्या यादीत विशेष असुरक्षित गटात धरलेली जमात आहे. त्यांची मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर जातात आणि शाळेच्या पटावर नाव राहतं, बाकावर मूल नसतं. हा प्रश्न आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्याने फार आधी ओळखला होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला, मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाकडे न्यायची, म्हणून गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा चालवली. विधायक संसदेने १९९० च्या दशकात वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा काढल्या. भट्टीवरच्या त्या आडोशाला भोंगा म्हणतात, त्यातच शाळा. आज स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. आईबाप भट्टीवर आणि मूल गावात, आजीआजोबांकडे किंवा शाळेच्या देखरेखीखाली, दोन वेळचं जेवण घेऊन शिकतं. हे वसतिगृह चालवायची जबाबदारी शाळा व्यवस्थापन समितीकडे असते. समितीत एकही भट्टीवाला पालक नसेल तर ऑक्टोबरच्या बैठकीत हा विषय काढणार कोण? डिसेंबरात लक्षात येतं, तोवर पोरं विटा थापत असतात.

आणि पट घसरला की काय होतं ते वेगळं सांगायला हवं का? कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये पुढे आणला, तेव्हा राज्यात वीसपेक्षा कमी मुलांच्या शाळा सुमारे १५ हजार असल्याचं समोर आलं. पुणे जिल्ह्यातल्या पानशेतचं आणि नंदुरबारच्या तोरणमाळचं उदाहरण त्या वेळी दिलं गेलं. मोठ्या शाळेत मुलांना सोबत मिळते, विषयाला शिक्षक मिळतो, हे खोटं नाही. पण प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, असं आपल्याच राज्याचे २०११ चे नियम सांगतात, ते पहिलीतल्या पोराच्या पायांकडे बघून. पावसात ओहोळ भरल्यावर दोन किलोमीटर म्हणजे किती, हे पाड्यावरच्या आईला विचारा. आपली शाळा हवी की नको, यावर गावाचं म्हणणं काय, हे कागदावर यायचं तर समितीचा ठराव लागतो. आणि समितीतल्या बाईला ती समितीत आहे हेच ठाऊक नसेल, तर ठराव कोण मांडणार?

त्या पाड्यावर पुढे काय झालं ते सांगून थांबतो. शाळेचा पट एकोणीस होता. सप्टेंबरात मी कातकरी बाईला म्हटलं, "तू शाळेची मेंबर आहेस." ती हसली. तिला वाटलं मी थट्टा करतोय. मग गुरुजींकडे गेलो. हा गुरुजींचा मोठेपणा की त्यांनी कागद पुढे केला आणि म्हणाले, "पुन्हा घेऊ सभा, साहेब. पण माणसं तुम्ही जमवा." गणपती गेले, पितृपक्षातली एक संध्याकाळ धरली. पंचवीस-तीस पालक आले, त्यांत बायका जास्त. आधीची यादी वाचून दाखवली, ती ऐकून बराच वेळ कुणी बोलेना. मग एक म्हातारा म्हणाला, "या यादीतला एक बाप तर दोन सालं झाली, ठाण्याला गेलाय."

नव्याने निवड करायचं ठरलं. नऊ जागांना तेरा नावं आली. आम्ही तेरा रिकामे डबे मांडले, प्रत्येकावर त्या पालकाच्या मुलाने काढलेलं चित्र. कुणाचा बैल, कुणाची होडी, एकाचं नुसतंच वर्तुळ, ते म्हणे भाकरी. प्रत्येक पालकाच्या हातात वालाचे नऊ दाणे दिले, एका डब्यात एकच टाकायचा. डबे वर्गात, माणूस एकटा आत जायचा. मोजायला अर्धा तास लागला, कारण कंदिलाच्या उजेडात एक दाणा सापडेना. तो गुरुजींच्या चपलेखाली निघाला आणि कुणाचा ते कळायला मार्ग नसल्याने बाद धरला. नऊपैकी पाच बायका आल्या. शिक्षणप्रेमी म्हणून पालकांनी एका निवृत्त बाईंना घेतलं, तेव्हा बारात सहा बायका भरल्या. कातकरी बाई पुन्हा निवडून आली, या खेपेला स्वतः आत जाऊन दाणे टाकून.

पहिली बैठक ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात झाली. विषयपत्रिकेत झेंड्याचा खांब आणि रंगकाम होतं. तिने ते दोन्ही संपेपर्यंत वाट बघितली आणि मग विचारलं, "आमची सात पोरं दिवाळीनंतर कुठं ऱ्हायची, ते आजच लिवा." गुरुजींनी इतिवृत्तात लिहून घेतलं. वसतिगृहाचा प्रस्ताव त्याच आठवड्यात पंचायत समितीकडे गेला, सोबत सातही मुलांची नावं आणि आईबापांचे अंगठे. हे अंगठे कोरड्या हातांचे होते.